खबर आहे का काही?

गेल्या महिन्यात एकदा रात्री उशिरापर्यंत ऑफिसचं काम उपसत बसले होते, कानात हेडफोन, मागे कुठलंतरी दुदुक वाजत होतं. दुदुक म्हणजे आर्मेनियन लोकांचं जर्दाळूच्या लाकडाचं फुंकवाद्य, आपली सोलापूरची सुंद्री असते ना त्याच्या लांबच्या नात्यातलं म्हणा, पण आवाज जास्त खोल, घसा बसलेल्या माणसासारखा. मग ऑटोप्लेने दुदुक संपवून एक गाणं लावलं, एक पुरुषाचा आवाज आणि पियानो, बस. भाषा अजिबात कळत नव्हती. आणि दुसऱ्याच ओळीत तो माणूस चक्क म्हणाला, "खबरिक".

मी हात थांबवला. परत मागे नेऊन ऐकलं. खबरिकच.

तुम्ही अनोळखी गावात उतरलाय, एकही पाटी वाचता येत नाहीये आणि गर्दीतून कोणीतरी तुमच्या घरातला शब्द बोललं, असं झालं मला. मग काम राहिलं बाजूला. शोधलं तर कळलं की गाण्याचं नाव 'क्रुंक', क्रुंक म्हणजे क्रौंच, आपला करकोचा, आणि खबरिक म्हणजे खबरच, छोटीशी, जराशी खबर. अरबीतून फारसीत, तुर्कीत आणि तिकडून आर्मेनियनमध्ये गेलेला शब्द, जो आपल्याकडे फारसीतून आला. परमुलखात अडकलेला माणूस आकाशातून जाणाऱ्या पक्ष्याला विचारतोय, बाबा रे, आमच्या मुलखाची जराशी खबर आहे का तुझ्याकडे. पोटासाठी किंवा नशिबाने घराबाहेर पडलेल्यांची अशी गाणी हा आर्मेनियन लोकांमध्ये एक जुना वेगळा प्रकारच आहे. गाणं कित्येक शतकं जुनं, कोणी रचलं काही पत्ता नाही, पण आज जे आपण ऐकतो, आवाज आणि पियानोचं, ते बांधलं कोमितासने.

कोमितास हे नाव मी तोपर्यंत ऐकलंही नव्हतं, लाज वाटली तरी खरं ते सांगते. आर्मेनियन म्हटलं की मला दोनच गोष्टी माहीत, एक फोर्टातलं मेडोज स्ट्रीटचं आर्मेनियन चर्च, सेंट पीटर्स, अठराव्या शतकाच्या अखेरीचं, ज्याच्यासमोरून मी कॉलेजच्या दिवसांत शंभर वेळा गेले असेन आणि एकदाही आत डोकावले नाही, आणि दुसरी म्हणजे गौहर जान, जिचे वडील आर्मेनियन. झालं, संपलं ज्ञान. त्यानंतरचे तीन आठवडे मी जे मिळेल ते वाचलं, जे सापडेल ते ऐकलं, आणि आता डोक्यात इतकं साठलंय की कुठेतरी लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

तर हा माणूस जन्मला १८६९ मध्ये, क्युताह्या नावाच्या गावात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, तेव्हाच्या ऑटोमन साम्राज्यात. खरं नाव सोघोमोन सोघोमोनियान. बाप चांभारकाम करायचा, बूट शिवायचा, आई गालिचे विणायची, आणि दोघं गाणी रचायचे. आता इथे थांबा जरा. गाणी कुठल्या भाषेत? तुर्की भाषेत. घरात तुर्कीच बोलली जायची, त्या भागातल्या बऱ्याच आर्मेनियन घरांत तसंच होतं, देवाची भाषा आर्मेनियन आणि बाजाराची, स्वयंपाकघराची, अंगाईची भाषा तुर्की. पोरगा वर्षाचाही झाला नव्हता तेव्हा आई गेली. अकराचा झाला तेव्हा बाप गेला. आजीने सांभाळला. गावात त्याला गाणारा पोरगा म्हणूनच ओळखायचे.

मग १८८१ मध्ये गावच्या धर्मगुरूंना एचमियाद्झिनला जायचं होतं, ते म्हणजे आर्मेनियन चर्चचं मुख्य पीठ, तेव्हा रशियन साम्राज्यात. तिथल्या शाळेसाठी एक अनाथ, गळ्याचा चांगला मुलगा न्यायचा होता. वीस मुलांतून हा निवडला गेला. तिथे सर्वोच्च धर्मगुरू, ज्यांना कॅथोलिकॉस म्हणतात, गेवोर्ग चौथे, यांच्यासमोर पोराला उभं केलं, ते आर्मेनियनमध्ये काहीतरी बोलले आणि या पठ्ठ्याला एक अक्षर कळलं नाही. त्याने सांगितलं की मला आर्मेनियन येत नाही, हवं तर गाऊन दाखवतो. आणि गायला. चर्चमधलं प्राचीन आर्मेनियन स्तोत्र, अर्थ शून्य माहीत, पाठ केलेलं. म्हातारे धर्मगुरू रडले म्हणतात.

मला या सगळ्या गोष्टीत हा प्रसंग सगळ्यात जास्त चिकटला. कारण पुढे हाच मुलगा आर्मेनियन गाण्यांचा अख्खा खजिना गोळा करणार आहे, आणि ती भाषा त्याची घरची नव्हती, त्याने ती बाराव्या वर्षी शाळेत शिकलेली आहे. ज्याला घरातच सगळं मिळालेलं असतं तो माणूस कशाला वही घेऊन फिरेल. आमच्या आजीच्या ओव्या आम्ही कुठे लिहून ठेवल्या? रोज कानावर पडायच्या ना, मग त्या कुठे जाणारेत असंच वाटायचं. गेल्या.

एचमियाद्झिनला तो शिकला, सुट्टीत आसपासच्या गावांत भटकायला लागला, लोकं गातील ते टिपून घ्यायचा. आर्मेनियन लोकांची एक स्वतःची स्वरलिपी होती, हंपार्त्सुम लिमोन्जियान नावाच्या माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बसवलेली, छोट्या छोट्या खुणांची, पटापट लिहिता येणारी, शॉर्टहँडच म्हणा. त्यात हा लिहायचा. पुढे संन्यासदीक्षा घेतली तेव्हा जुनं नाव गेलं आणि सातव्या शतकातल्या एका कवी धर्मगुरूचं नाव मिळालं, कोमितास. १८९५ मध्ये वारदापेत झाला, म्हणजे ब्रह्मचारी विद्वान धर्मगुरूंची पदवी. अक्न नावाच्या युफ्रेटिसकाठच्या गावच्या गाण्यांचा संग्रह त्याच सुमारास छापून आला. चर्चमधल्या काही मंडळींच्या कपाळावर आठ्या, की संन्यासी माणूस आणि प्रेमगीतं छापतो म्हणजे काय. हे वाचताना मला आपल्याकडच्या दोनतीन संस्थांच्या मीटिंगा आठवल्या, असो.

गावातली गाणी गोळा करण्याबद्दल त्याने जे लिहिलंय ते भारी आहे. त्याचं म्हणणं असं की शेतकरी गाणं 'म्हणून दाखवत' नाही. गाणं हे कामाचा भाग आहे, नांगरताना नांगराचं, मळणीला मळणीचं, आणि काम चालू नसताना ते गाणं म्हणायला सांगितलं तर त्याला ते खुळ्यासारखं वाटतं. म्हणून तिथे जायचं, त्या वेळी जायचं आणि लपून, बाजूला राहून ऐकायचं. लोरी प्रांतातल्या वार्दाब्लुर गावच्या नांगरणीच्या गाण्यावर त्याने मोठा अभ्यास लिहिला. त्या गाण्यात बैलांना दिलेल्या हाका आहेत, सोबत्याला मारलेल्या हाका आहेत, चढ आला की सूर चढतो, बैल थांबला की तान तुटते. ज्यांनी आपल्याकडे सुगीत भलरी ऐकलीये किंवा मोटेवरची गाणी ज्यांच्या आजोबांना येत होती त्यांना हे वेगळं समजवायला नको. भलरी कोणाला दिवाणखान्यात बसून म्हणायला सांगून बघा, दोन ओळीत माणूस लाजून थांबतो.

आणि फक्त आर्मेनियन नाही बरं का. कुर्दी चाली त्याने टिपल्या आणि छापल्या, तुर्की गाणीही टिपली. १८९३ मध्ये जन्मगावी परत गेला तेव्हा तिथली म्हातारी माणसं अजून त्याच्या आईबापाने रचलेली तुर्की गाणी गात होती, ती त्याने लिहून घेतली. आईचा आवाज आठवत असणं शक्यच नाही, मग तिचं गाणं परक्यांच्या तोंडून मिळालं. यावर मी जास्त काही लिहीत नाही.

बर्लिनचं मी पटकन सांगते. १८९६ ते ९९ तिथे शिकला, खर्च मान्ताशेव नावाच्या आर्मेनियन तेलसम्राटाने उचलला, पाश्चात्त्य संगीताचं सगळं शास्त्र पक्कं केलं, तिथल्या विद्वानांपुढे आर्मेनियन संगीतावर व्याख्यानं दिली. मग परत एचमियाद्झिन, शाळेत शिकवणं, कॉयर बसवणं. १९०६ च्या डिसेंबरमध्ये पॅरिसला मोठा कार्यक्रम झाला आणि तिथल्या संगीतवाल्यांना वेड लागायचं बाकी राहिलं. फ्रेंच संगीतकार क्लोद देब्युसीने त्याच्या 'अन्तुनी' गाण्याबद्दल म्हटलं म्हणे की एवढं एकच गाणं लिहिलं असतं तरी हा मोठा कलाकार ठरला असता. हे वाक्य प्रत्येक लेखात पहिल्या परिच्छेदात असतं, म्हणून मी मुद्दाम इतकं खाली टाकलंय. आपल्याकडे पण तेच, गोऱ्या माणसाने पाठ थोपटली की मग आपल्याला खात्री पटते. अन्तुनी म्हणजे बेघर. उद्ध्वस्त घरासारखं झालंय माझं काळीज, अशी सुरुवात आहे, आणि ऐकाल तर लक्षात येईल की त्याला देब्युसीच्या शिफारशीची गरज नाहीये.

इथे एक पत्र येतं जे बऱ्याच जणांनी गाळलेलं दिसलं. १९०९ मध्ये, म्हणजे अटकेच्या सहा वर्षं आधी, त्याने कॅथोलिकॉसना लिहिलं की मला यातून मोकळं करा, सेवान सरोवरातल्या मठात जाऊन एकटा राहीन आणि काम करीन, माझ्या नसा आता थकल्यात, शांतता शोधतोय आणि ती मिळत नाहीये. एचमियाद्झिनमध्ये त्याची पाठराखण करणारे आधीचे कॅथोलिकॉस, म्हातारे ख्रिमियान, १९०७ मध्ये वारले होते आणि त्यानंतर रोजची टोचणी, कुजबुज, अडवाअडवी चालू होती. पत्राचा काही उपयोग झाला नाही. हे मी का सांगतेय ते पुढे येईल.

१९१० मध्ये तो कॉन्स्टॅन्टिनोपलला गेला, म्हणजे इस्तंबूल. पांगाल्ती भागात पानोस तेरलेमेझियान नावाच्या चित्रकार मित्राबरोबर भाड्याने घर घेतलं. गुसान नावाचं तीनशे जणांचं कॉयर उभं केलं, बायका पुरुष एकत्र. थिएटरात चर्चचं संगीत गायचं म्हणजे बाटवाबाटवी, असं म्हणणारी मंडळी इथेही होतीच. पण लोक यायचे. आर्मेनियन यायचे, युरोपियन यायचे आणि तुर्की लेखक कवीही यायचे. राष्ट्रवादी तुर्कांची जी संस्था होती, तुर्क ओजाग, तिथेही त्याचं गाणं झालं. हालिदे एदिप ही त्या काळातली फार नावाजलेली तुर्की लेखिका, तिने आपल्या आठवणींत त्याच्या गाण्याबद्दल मनापासून लिहिलंय. तिच्याकडे मी परत येणार आहे.

१९१२ मध्ये पॅरिसला काही रेकॉर्डिंग झाली, शाहमुरादियान नावाचा गायक आणि पियानोवर कोमितास, आणि काहींमध्ये तो स्वतः गायलाय. ती नेटवर आहेत. खरखर प्रचंड आहे. पण आवाज आहे.

२४ एप्रिल १९१५. शनिवारची रात्र. पहिलं महायुद्ध चालू, ऑटोमन सरकार जर्मनीच्या बाजूने, आणि गृहमंत्री तलात पाशाच्या हुकमाने त्या रात्री कॉन्स्टॅन्टिनोपलमधून आर्मेनियन समाजातली लिहिणारी, बोलणारी, ज्यांचं लोक ऐकतात अशी माणसं उचलली. कवी, संपादक, डॉक्टर, वकील, शिक्षक, धर्मगुरू, अडीचशेच्या आसपास. आर्मेनियन लोक आजही हाच दिवस पाळतात. ज्यांचं डोकं चालतं त्यांना आधी बाजूला करायचं आणि मग बाकीच्यांना गावागावांतून बाहेर काढायचं, पुरुषांना मारायचं, बायकामुलांना सीरियाच्या वाळवंटाकडे चालवत न्यायचं. चालवत म्हणजे अक्षरशः चालवत, अन्नपाण्याशिवाय, वाटेत लुटत, मारत, पळवत, देर-एझ-झोरपर्यंत. दहा लाखांच्या वर माणसं गेली, पंधरा लाखांपर्यंतचा आकडा दिला जातो. तुर्कस्तानचं सरकार आजही याला वंशसंहार म्हणत नाही.

कोमितासला ट्रेनमध्ये बसवून आतल्या भागात नेलं, पुढे गाड्यांतून, चांकिरी नावाच्या गावी. त्याच्याबरोबर ग्रिगोरिस बालाकियान नावाचे धर्मगुरू होते, ते पुढे पळून जाऊन वाचले आणि त्यांनी सगळं लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला कळतं. आधी कोमितास इतरांना धीर देत होता, थट्टामस्करीही करायचा. मग वाटेत एका ठिकाणी तो पाणी प्यायला बादलीपाशी वाकला आणि बरोबरच्या शिपायाने ती बादली हिसकावून घेतली. एवढंच. त्यानंतर तो पार बदलला. रस्त्याकडेची झाडं म्हणजे दबा धरून बसलेले दरोडेखोर वाटायला लागली त्याला, बालाकियानच्या ओव्हरकोटाच्या कडेखाली डोकं लपवायचा आणि माझ्यासाठी प्रार्थना म्हणा असं विनवायचा.

आणि मग तार आली. मे महिन्यात, पकडल्यापासून दोनएक आठवड्यांनी, तलात पाशाच्या सहीची, की चांकिरीच्या या आठ जणांना परत पाठवा. आठांमध्ये कोमितासचं नाव. कोणाच्या शब्दामुळे हे झालं यावर बरीच नावं घेतात, अमेरिकन राजदूत मॉर्गेनथाऊ, तुर्की कवी मेहमेत एमिन, हालिदे एदिप. काही असो, तो सुटला. गाडीत बसला आणि परत आला. मागे राहिलेल्यांत दानिएल वारुझान होता, एकतीस वर्षांचा कवी, आणि रुबेन सेवाक, डॉक्टर आणि कवी, त्या दोघांना ऑगस्टमध्ये वाटेत ठार मारलं.

सुटला हा शब्द मी कितीदा लिहून खोडला. कारण तो पांगाल्तीच्या घरी आला पण आला कुठे? शहर तेच, पियानो तोच, मित्र नाहीत, कॉयर नाही, आणि रोज खबर. आज हे गाव गेलं, आज ते गेलं. आता विचार करा, ही गावं बाकीच्यांना नकाशावरची नावं असतील, याला त्या गावांची गाणी पाठ होती. अक्न. मुश. व्हान. कुठल्या गावात मळणीला काय म्हणतात, कुठे लग्नात नवरदेवाला कसं चिडवतात, हे सगळं डोक्यात सुरासकट असलेला माणूस, आणि ते गाणारं कोणी उरलेलं नाही. मुशचे नाच त्याने पियानोसाठी बांधले होते, परत आल्यावरही पियानोच्या कामाला हात लावला होता त्याने. पण १९१६ च्या शरद ऋतूत मित्रांनी त्याला शिश्लीमधल्या वेड्यांच्या इस्पितळात भरती केलं. घर सोडावं लागलं, सामान आणि कागद इकडेतिकडे झाले. १९१९ मध्ये त्याला पॅरिसला नेलं, आधी व्हील-एव्हरार आणि १९२२ पासून व्हिलझ्विफ. तिथेच २२ ऑक्टोबर १९३५ ला गेला. म्हणजे जवळपास वीस वर्षं इस्पितळात.

आता मला ज्याचा राग येतो ते लिहिते.

या वीस वर्षांबद्दल सगळीकडे एकच सूर आहे. की आपल्या लोकांचा संहार बघून या महात्म्याने मौन धारण केलं. की त्याचं मौन हेच त्याचं शेवटचं आणि सगळ्यात मोठं संगीत. त्या व्हिडिओंखाली हजारो लोक असंच लिहितात आणि मेणबत्तीचं चित्र टाकतात. 'गारुन ए' नावाचं त्याचं गाणं आहे, वसंत आलाय आणि बर्फ पडलंय असं, ते सर्रास संहाराच्या फोटोंवर लावतात, एप्रिल महिना म्हणून, पण ते गाणं त्याआधीचं आहे आणि त्यात पुढची ओळ प्रेयसीचं मन थंड झाल्याची आहे. लोकांना ते नको असतं.

माझा एक काका होता. लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं, बाबांना विचारलं, ते म्हणाले लिही, आता कोण आहे वाचायला. काका गिरगावात चाळीत राहायचा, छापखान्यात कंपोझिटर, खिळे जुळवायचा, उलटी अक्षरं आपण सुलटी वाचतो तेवढ्याच वेगाने वाचायचा. मग काहीतरी झालं, काय ते आम्हा मुलांना कधी सांगितलं नाही, आणि तो एका मनोरुग्णालयात गेला आणि तिथेच बरीच वर्षं राहिला. मी आजीबरोबर डबा घेऊन जायचे. तो भिंतीकडे तोंड करून बसायचा. आजी बोलायची, तो नाही. आणि निघायच्या वेळी दर वेळी एकच विचारायचा, पाणी आलं का? घरात सगळे म्हणायचे, तो आता शांत झालाय. आत्याने तर पुढे जाऊन असं ठरवलं की तो अध्यात्मात खूप वर गेलाय आणि पाणी म्हणजे काहीतरी दुसरंच आहे. नव्हतं दुसरं काही. चाळीत पहाटे चारला पाणी यायचं आणि भरायचं काम त्याचं होतं.

म्हणून मला ते मौनाचं कौतुक झेपत नाही. कोमितासबद्दल एका आर्मेनियन वंशाच्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी सगळी कागदपत्रं चाळून अभ्यास केलाय आणि त्यांचं म्हणणं आहे की हा वेडा झाला वगैरे नव्हता, आज आपण ज्याला आघातानंतरचा मानसिक त्रास म्हणतो तो याला होता, आणि तेव्हा त्याला नावही नव्हतं, उपचारही नव्हते. आणि तो पूर्ण गप्प नव्हताच. कधी कधी बोलायचा. कोणी भेटायला आलं तर बरेचदा पाठ फिरवायचा, भेटायचं नाही म्हणायचा, कारण याच मित्रांनी आपल्याला इथे आणून टाकलं असं त्याला वाटत होतं, आणि ते काही अगदी खोटं नव्हतं. पाठ फिरवणं हे मौन नाही, तो राग आहे. त्याला रागवायचा हक्क तरी द्या की! आणि ते १९०९ चं पत्र. नसा थकल्यात असं त्याने लिहून दिलं होतं, स्वतःच्याच लोकांना, तेव्हा कोणी सेवानला जाऊ दिलं नाही. हे आठवलं की कथा इतकी सुबक राहत नाही, म्हणून गाळतात.

मित्रांनाही मी दोष देत नाहीये हां. स्वतः निर्वासित झालेली माणसं, त्यांनी पॅरिसमध्ये समिती करून त्याचा खर्च चालवला, वर्षानुवर्षं. आमच्या आजीनेही डबा चुकवला नाही कधी. पण डबा देणं आणि काय झालंय ते कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच.

हालिदे एदिपचं राहिलं. ज्या बाईने कोमितासच्या गळ्याबद्दल इतकं हळवं लिहिलं, तीच पुढे लेबनॉनमधल्या अंतुरा इथल्या अनाथालयाची देखरेख करायला गेली, ऑटोमन सरकारातल्या जेमाल पाशाने काढलेलं, जिथे आर्मेनियन आणि कुर्द अनाथ मुलांना तुर्की नावं देत आणि आर्मेनियन बोलायची बंदी होती. अनाथ मुलं, आर्मेनियन रक्ताची, तुर्की बोलणारी. क्युताह्याच्या चांभाराचा पोरगा तसाच तर होता. तो मात्र उलट दिशेने चालत गेला होता, स्वतःच्या पायांनी, गात. मला बाई दुष्ट होती असं म्हणता येत नाही आणि म्हणता येत नाही याचंच जास्त वाईट वाटतं. गाणं आवडणं आणि गाणाऱ्याचं पोर आपल्यासारखं करून टाकणं हे एकाच माणसाला जमतं.

उरलं काय? तीन हजारांच्या वर गाणी त्याने टिपली होती असं सांगतात, आज हातात बाराशेच्या आसपास आहेत. मध्ययुगातल्या आर्मेनियन हस्तलिखितांत अक्षरांवर खाझ नावाच्या स्वरखुणा असतात, त्या वाचायच्या कशा हे शतकानुशतकं विसरलं गेलंय, त्यावर त्याचं वीस वर्षांचं काम होतं आणि किल्ली सापडल्याचं त्याने सांगितलंही होतं. ते कागद मिळाले नाहीत. खाझ आजही वाचता येत नाहीत. त्याची चर्चमधली मोठी रचना, पातारागची, म्हणजे आर्मेनियन चर्चमधल्या मुख्य उपासनेची, त्याच्या शिष्याने १९३३ मध्ये पॅरिसला छापली, तो तेव्हा तिथून काही मैलांवर वॉर्डात होता. १९३६ मध्ये त्याचं पार्थिव येरेवानला नेऊन पुरलं, सोव्हिएत आर्मेनियात, आज त्या दफनभूमीला त्याचंच नाव आहे. २०२३ मध्ये युनेस्कोने त्याचे कागद जागतिक स्मृतींच्या यादीत घेतले. (आपल्या भातखंड्यांचं निधनही १९३६ मधलंच, तेही शेवटची वर्षं अर्धांगाने अंथरुणावर होते. वकिली सोडून उस्तादांच्या दारात बसून बंदिशी लिहून घेणारा माणूस. या दोघांची गाठ पडली असती तर काय भांडले असते स्वरलिपीवरून, असं आपलं उगाच मनात आलं.)

परवा रात्री बाबांना क्रुंक ऐकवलं. बाबा नाट्यसंगीतवाले, दुसरं काही फारसं चालत नाही, तरी हेडफोन घातला आणि डोळे मिटून बसले. खबरिक आलं तेव्हा त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, हो, खबरच.

"कोणाला विचारतोय?"

"क्रौंचाला. वरून चाललाय तो. आमच्या मुलखाची काही खबर आहे का म्हणून."

ते परत ऐकायला लागले. संपल्यावर हेडफोन काढून दोरी नीट गुंडाळून ठेवली, त्यांना ती तशी मोकळी टाकलेली चालत नाही.

"मग? सांगतो का तो?"

"नाही. शेवटच्या कडव्यात उत्तर न देताच उडून जातो. मग हाच चिडून म्हणतो, जा, आमच्या मुलखातून दूर निघून जा."

बाबा थोडा वेळ बसून राहिले. मग उठले, स्वयंपाकघरातला दिवा लावला.

"उद्या गुरुवार आहे," आतून म्हणाले, "पाणी येणार नाही. पिंप भरून ठेवतो."